हूकावर पहिलवान

जीपची मागची दोन्ही चाकं जमिनीला टेकत नव्हती. चार बोटं वर उचलली गेली होती आणि जागच्या जागी गरगर फिरत होती. मागे कापसानं भरलेला ट्रेलर म्हशीसारखा मागच्या अंगावर बसला होता. ड्रायव्हर शब्बीर ॲक्सिलरेटर दाबत होता. इंजिन ओरडत होतं, धूर निघत होता. आम्ही मात्र पिंपळगाव राजाहून खामगावला जाणाऱ्या रस्त्यावर, एका कोरड्या नाल्यातून वर येणाऱ्या चढावर, होतो तिथंच होतो.

"सेठ," शब्बीर म्हणाला, "गाडी चालू आहे."

"मले दिसत नाही काय बे?"

"मंग आपण जाऊन काऊन नाही राह्यलो?"

त्याच्या शेजारच्या सीटवर नथ्थू पहिलवान बसला होता. तो भुईमुगाच्या शेंगा खात होता, टरफलं बाहेर टाकत होता आणि एकूण मजेत होता. त्याचं मजेत असणं साहजिक होतं. मी त्या चढावर अडकून राहिलो, तर खामगावच्या जिनिंग फॅक्टरीचं त्या हंगामाचं कापूस वाहण्याचं काम त्याला मिळणार होतं. वर चढलो, तर मला.

पुढं काय झालं ते पंचक्रोशीत सगळ्यांना माहीत आहे, पण नथ्थूनं सांगितलं तसं. त्याच्या गाड्या बैल ओढतात, त्यामुळे त्याला रस्ताभर बोलायला वेळ मिळतो. मला मिळत नाही. म्हणून माझ्या बाजूची हकिगत एकदा लिहून टाकतो.

मी मूळचा साखरखेर्ड्याचा. घरी भाजीचा मळा. वांग्यांची पाटी घेऊन बाजारात बसायला लागलो तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. गिऱ्हाईकानं भाव पाडून मागितला की आधी भडकायचं, पाटी उचलून निघून जायचं सोंग करायचं आणि मग त्याला परत बोलावू द्यायचं, हे मी तिथं शिकलो. पुढं खामगावला येऊन भंगाराचा धंदा केला. त्याच भंगारातून ट्रेलर उभा केला.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. रस्ते होत होते, पण त्यावर धावायला फारसं काही नव्हतं. ट्रॅक्टर एखाद्याच मोठ्या शेतकऱ्याकडे. जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या कारखान्यात, सगळा कापूस बैलगाडीनं यायचा. गाड्यांची रांग गेटपासून लांबवर जायची. मी म्हटलं, चार-पाच बैलगाड्यांचा माल एका खेपेत आणणारं काहीतरी करावं.

ट्रेलर म्हणजे इंजिन नसलेली गाडी. तिला कोणीतरी ओढावं लागतं. माझा ट्रेलर दोन चाकांचा होता. मोडीत निघालेल्या ट्रकचा एक्सल, त्यावर माल भरायला फळ्यांचा साटा आणि पुढं लोखंडी दांडा. या दांड्याला ड्रॉबार म्हणतात. ड्रॉबारच्या टोकाला जाड रिंग असते. ओढणाऱ्या गाडीच्या मागे हूक असतो. रिंग हूकात अडकवायची आणि निघायचं. कागदावर एवढंच असतं.

आधी मी ओळखीच्या एका माणसाचा ट्रक घेतला. ट्रकचा हूक माझ्या छातीएवढा उंच आणि ट्रेलरची रिंग गुडघ्याएवढी. मी जॅक लावून ट्रेलरचं तोंड उचललं आणि रिंग हूकात बसवली. ट्रेलर आकाशाकडे पाहू लागला. त्यात सरकीची पोती होती. ती घसरगुंडीवरून उतरावीत तशी मागच्या मागे एकेक करून उतरली आणि रस्त्यावर फुटली. आम्हाला कळलं तेव्हा मागे गाईंची मिरवणूक लागली होती. गावात त्या दिवशी दूध जास्त निघालं असेल, पण त्याचे आभार मला कोणी मानले नाहीत.

मग एका जमीनदाराची जुनी मोटार. तिला हूकच नव्हता. मी ड्रॉबार बंपरला दोरखंडानं बांधला. मोटारीचा बंपर दिसायला मजबूत असतो. मोटार निघाली. बंपर ट्रेलरजवळ राहिला. जमीनदार उतरून माझ्या अंगावर आले. मी म्हटलं, बंपर आधीपासून ढिला होता, तुम्हाला फुकटात कळलं. यावर त्यांचं काय म्हणणं पडलं ते लिहिण्यासारखं नाही.

तिसरा प्रयोग ट्रॅक्टरचा. ट्रॅक्टरच्या मागे भोकं पाडलेली पट्टी असते. भोकावर रिंग ठेवायची आणि वरून पिन टाकायची. पिनेच्या खालच्या टोकाला क्लिप लावायची असते, म्हणजे ती उडत नाही. क्लिप ड्रायव्हरनं घरी ठेवली होती, हरवू नये म्हणून. पहिल्याच चाकोरीत पिन उडाली. ट्रॅक्टर सरळ गेला, ट्रेलर वळून एका माणसाच्या ज्वारीत शिरला. ड्रायव्हर भजन म्हणत घरी पोचला, ट्रॅक्टर लावला, हातपाय धुतले आणि जेवायला बसला.

ज्वारीचा मालक तापट. त्यानं गावकऱ्यांना घेऊन ट्रेलर ढकलत नेला आणि मोकाट जनावरांच्या कोंडवाड्यात टाकला. पीक तुडवलं होतं, म्हणून. मी सोडवायला गेलो तर तिथल्या कारकुनाला दंड कोणता लावावा ते सुचेना. त्याच्याकडे बकरी, गाय, म्हैस आणि घोडा यांचे दर होते.

"बकरीचा लावा," मी म्हटलं. "चारा खात नाही, ओरडत नाही."

"बकरी एवढी मोठी राहते काय?"

"मंग वासराचा लावा. चालायले तं अजून शिकलाच नाही."

तासभर घासाघीस झाली. शेवटी त्यानं म्हशीचा दर लावला. ट्रेलरला शिंगं नाहीत, हे मी पुष्कळ सांगून पाहिलं.

एवढं झाल्यावर मला जीप मिळाली. लढाईनंतर लिलावात निघालेली मिलिटरीची जीप, तीन मालक फिरून माझ्याकडे आली होती. पेट्रोल कमी खावं म्हणून आधीच्या मालकानं पुढच्या चाकांना ताकद देणारा शाफ्ट काढून ठेवला होता. त्यामुळे जोर फक्त मागच्या चाकांना. पण हूक पाहून मी खूश झालो. मिलिटरीच्या हूकाला जबडा असतो. रिंग आत गेली की जबडा मिटतो, वरून पिन बसते. मग जीप उलटी टांगली तरी रिंग सुटत नाही. उंचीही ट्रेलरच्या रिंगेएवढीच. आता हूकाचा प्रश्न संपला असं समजून मी जिनिंगच्या मॅनेजरकडे गेलो.

मॅनेजर पुरोहित साहेब बोलायला गोड, पण माणूस पक्का.

"दिगंबरराव," ते म्हणाले, "बैलगाडी मला माहीत आहे. ती उशिरा येते, पण येते. तुमचा ट्रेलर कोंडवाड्यात जातो असं ऐकलं."

"साहेब, ती जुनी गोष्ट झाली."

"गेल्या महिन्यातली. तुम्ही एक खेप करून दाखवा. पिंपळगाव राजाहून कापूस भरायचा आणि दुपारच्या भोंग्याच्या आत माझ्या गेटात आणायचा. रस्त्यात बैल जोडायचे नाहीत, कापूस जमिनीवर उतरवायचा नाही. मातीचा, काडीकचऱ्याचा कापूस मी घेणार नाही. जमलं तर हंगाम तुमचा. नाही जमलं तर नथ्थूचा, दरवर्षीप्रमाणे. आणि खरंखोटं सांगायला नथ्थूच तुमच्याबरोबर येईल."

"तो तर माझ्या विरुद्ध पार्टीचा माणूस आहे."

"म्हणून तर. तो तुमची बाजू घेणार नाही, याची मला खात्री आहे."

नथ्थू पहिलवान हा सगळ्या गाडीवानांचा मुकादम. तरुणपणी कुस्त्या खेळायचा. कुस्ती त्यानं सोडली होती, खुराक सोडला नव्हता. जीपमध्ये बसला की जीप त्याच्या बाजूला कलायची. आमचं दोघांचं वय एक, धंदा एक, त्यामुळे बोलणं गोड आणि मनात खुन्नस.

ठरलेल्या दिवशी आम्ही सकाळीच पिंपळगाव राजाला पोचलो. तिथं कापूस भरायचं काम गोविंदाकाका करायचे. त्यांनी जन्मभर गाड्या भरल्या होत्या. कापूस नुसता टाकून चालत नाही. साट्याच्या चारी बाजूंनी गोणपाटाच्या उंच भिंती बांधतात, आत माणसं उतरतात आणि पायानं खुंदून खुंदून कापूस बसवतात. एकदा खुंदला की तो गादीसारखा राहत नाही, भिंतीसारखा होतो. हलवायचा तर सगळा उपसावा लागतो.

भरताना मी तिथं उभा का नव्हतो, असं नथ्थू लोकांना विचारतो. मी झाडाखाली हमालांशी हमाली ठरवत होतो. हमाल अडून बसले होते. मी दोनदा उठून निघून गेलो होतो. एका माणसानं दोन ठिकाणी किती पाहावं? माझी चूक असेल तर ती एवढीच की मी काम स्वस्तात करवून घेतलं.

निघताना गोविंदाकाकांच्या बायकोनं जीपला कुंकू लावलं. काका म्हणाले, "बिनघोर जाय बापू. जीपच्या मानेवर काहीच भार नाही ठेवला."

मी म्हटलं, "बरं केलं काका," आणि बसलो. त्या वाक्यात काय भरलं होतं ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

वाटेत ट्रेलर कुत्र्याच्या शेपटासारखा डावीउजवीकडे हलत होता. शब्बीर म्हणाला, "सेठ, जीप आज हलकी वाटून राह्यली."

"चांगलंच आहे. पेट्रोल कमी लागीन."

नाल्यात उतरलो तोवर ठीक होतं. चढाला लागलो आणि वर सांगितलं ते झालं.

मी आधी खाली उडी मारली. पहिलं काम ट्रेलर मागे जाऊ न देणं. नाल्यात दगड पडले होते. मी आणि शब्बीरनं भरभर दगड आणले आणि चाकांच्या मागे लावले. एक तर इतका जड होता की मला तो पोटाशी धरून, पाय फाकवून आणावा लागला. नथ्थू वरून म्हणाला, "जपून दिगूभाऊ. कंबर धरीन." मी दगड चाकामागे टाकला.

मग मी मागे जाऊन ट्रेलरकडे पाहिलं आणि काकांचं वाक्य आठवलं. कापूस मागच्या बाजूला डोंगरासारखा होता आणि पुढं, ड्रॉबारकडे, जेमतेम कंबरेएवढा.

हे जरा समजावून सांगतो. बैलगाडी पुढून जड भरली तर सगळा भार जुवावर येतो आणि बैलांच्या मानेला गळवं होतात. म्हणून दयाळू माणूस गाडी भरताना वजन थोडं मागं टाकतो. गोविंदाकाका फार दयाळू. त्यांनी जीपची मान वाचवली होती. आता जीपला मान नसते. तिला उलट हूकावर थोडा भार लागतो, म्हणजे मागची चाकं जमिनीला दाबून धरतात. पुढून भार नसेल तर ट्रेलरचं शेपूट खाली जातं, तोंड वर येतं आणि ते जीपचं बूड वर उचलतं. आमच्याकडे याला गाडी उलाळ होणं म्हणतात. सपाटीवर निभतं. चढावर निभत नाही.

कारण कळलं. उपाय कळत नव्हता. कापूस उपसून पुढं घ्यायचा तर जमिनीवर उतरवावा लागणार, आणि ते साहेबांनी नको म्हटलेलं. ऊन चढत होतं. भोंगा कोणाची वाट पाहत नाही.

तेवढ्यात मागून घुंगरांचा आवाज आला. नथ्थूच्याच बैलगाड्या. गाडीवान एकेक करून आमच्या बाजूनं चढू लागले आणि प्रत्येकानं मला रामराम घातला. एरवी यातला एकही मला रामराम घालत नाही.

"दिगूभाऊ, थांबले काय?" एकानं विचारलं.

"इंजिन गार करून राह्यलो."

"करा, करा. आम्ही सांगतो साहेबाले, येऊन राह्यले म्हणून."

मला राग आला होता, पण डोळे उघडे होते. प्रत्येक गाडीवान चढाला लागताच जागेवरून सरकायचा आणि पार पुढं, जुवाजवळ जाऊन बसायचा. गाडी उलाळ होऊ नये म्हणून. स्वतःचं वजन टाकून तो तोल सांभाळायचा. वर गेला की पुन्हा मागं सरकायचा.

मी मांडीवर थाप मारली. हूकावर वजन टाकायचं. जीपच्या मागच्या बाजूला जो फळका असतो तो बरोबर हूकाच्या वर येतो. मी त्या फळक्यावर चढून बसलो.

"चालव," मी शब्बीरला म्हटलं.

चाकं जमिनीला शिवली, थोडी धूळ उडाली आणि पुन्हा नुसती फिरू लागली. मी त्या दिवसांत अंगानं उसाच्या चिपाडासारखा होतो.

"सेठ, वजन कमी पडून राह्यलं," शब्बीर म्हणाला. मग त्यानं नुसतं बाजूच्या सीटकडे पाहिलं. मीही पाहिलं. नथ्थूनं शेंगा फोडणं थांबवलं.

"माह्याकडे काऊन पाहून राह्यले?"

"नथ्थूभाऊ," मी जितक्या गोडीनं बोलता येईल तितक्या गोडीनं म्हटलं, "जरा मांगं येऊन बसतं काय?"

"मी पंच आहे. पंचानं हात लावला तं साहेब काय म्हणतीन?"

"हात नको लावू. नुसता बस."

"बसलोच आहे."

"इथं, मांगं."

"तिथं ऊन आहे."

"टोपी देतो माही."

"तुही टोपी मले होते काय? डोक्यावर बोरासारखी दिसीन."

"नथ्थूभाऊ, तू जीपमंदीच बसला आहे. पुढं बसला काय अन् मांगं बसला काय, तुले काय फरक पडते?"

"मले नाही पडत," त्यानं एक शेंग फोडली. "तुले पडते. म्हणून तं तू गोड बोलून राह्यला."

इथं मला कळलं की हा सौदा आहे. सौदा म्हटलं की मला इतर काही दिसत नाही, ऐकू येत नाही. शब्बीर मध्येच काहीतरी म्हणाला, "सेठ, मी काय म्हणतो..." मी त्याच्यावर खेकसलो, "तू गप बे, मोठे माणसं बोलून राह्यले." 

"बोल, तुले काय पाह्यजे?"

"अर्धं काम," नथ्थू म्हणाला.

मी भडकलो. हे काही सोंग नव्हतं. मी टोपी जमिनीवर आपटली, "नको बसू, राहू दे ट्रेलर इथंच," म्हणालो आणि चढ चढून वरच्या बाभळीपर्यंत निघून गेलो. वांगी विकताना गिऱ्हाईक अशा वेळी मागून हाक मारायचं. मी पाठ करून उभा राहिलो. हाक आली नाही. शेंगा फुटल्याचा आवाज येत होता.

मी परत आलो.

"पाव हिस्सा घे. जवळची गावं तुही."

"अर्धं."

"काऊन अर्धं? ट्रेलर माहा, जीप माही, पेट्रोल माहं."

"वजन माहं."

"वजन तुले देवानं फुकट दिलं."

"फुकट?" नथ्थू खरोखर दुखावला. "दूध, तूप, बदाम. तुह्या पेट्रोलपेक्षा जास्त लागलं आहे याले."

मी तो मुद्दा सोडला. कारण ते खरं असावं.

"असं कर," तो म्हणाला, "नाल्याच्या खामगावकडच्या बाजूची गावं तुही. पल्याडची माही."

"पल्याडची गावं जास्त आहेत."

"तुले हा चढ चढता येत नाही दिगूभाऊ. पल्याडची गावं घेऊन तू करशीन काय?"

वर शेवटची बैलगाडी दिसेनाशी होत होती. ती आधी पोचली असती आणि गाडीवानानं साहेबांना सगळं रंगवून सांगितलं असतं. मी म्हटलं, "दे हात." नथ्थूनं शेंगांचा हात धोतराला पुसला आणि दिला.

मग तो उतरला, मागे आला आणि फळक्यावर बसला. जीपचं बूड खाली गेलं. मागची चाकं जमिनीवर अशी बसली की जणू तिथंच उगवली होती. ट्रेलरचं शेपूट वर आलं. शब्बीरनं गिअर टाकला. एक धक्का बसला, दगड मागे राहिले आणि ट्रेलर एका दमात चढ चढून गेला. मी मागून धावत जाऊन जीप गाठली. माझ्या टोपीवरून ट्रेलरचं चाक गेलं होतं.

वर सपाटी आल्यावर मी म्हटलं, "आता पुढं येऊन बस, पहिलवान." तो म्हणाला, "ठरलं ते ठरलं. मांगं बस म्हणालास, आता खामगावपर्यंत मांगंच बसतो. अजून एखादा चढ आला तं तुह्याजवळ द्यायले काही उरलं नाही."

नथ्थू मागे तोंड करून, पाय ड्रॉबारवर ठेवून, समोर कापसाचा डोंगर घेऊन बसला होता. वाटेत आम्ही त्याच्याच बैलगाड्या मागे टाकल्या. आपला मुकादम उलटा बसून जीपवरून चाललेला पाहून गाडीवान उठून उभे राहिले. त्यानं त्यांना हात दाखवला. खामगावात शिरल्यावर बाजारातल्या लोकांना वाटलं की पहिलवान कुठंतरी कुस्ती मारून आला आणि त्याची मिरवणूक निघाली आहे. पानाच्या दुकानावरच्या एकानं त्याला फुलांची माळ घातली. माळ कशाबद्दल, ते त्यानं विचारलं नाही आणि नथ्थूनंही सांगितलं नाही. जीप माझी, ट्रेलर माझा, मी पुढच्या सीटवर शेंगांच्या टरफलांत बसलेलो. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही.

आम्ही गेटात शिरलो आणि मग भोंगा झाला. पुरोहित साहेब बाहेर आले. त्यांनी ट्रेलर पाहिला, कापसात हात घालून पाहिला, मग नथ्थूकडे पाहिलं.

"पहिलवान, तुम्ही मागे का बसलात? आणि गळ्यात माळ कसली?"

 नथ्थू एका वाक्यात मला बुडवू शकत होता.

"माल नजरेसमोर ठेवला साहेब," नथ्थू म्हणाला. "बोंडभर कापूस सांडला नाही. बैल जोडले नाही. जमिनीवर उतरवला नाही."

"ट्रेलर चालतो म्हणता?"

"चालते. पण साहेब, इकडच्या गावांपुरता. नाल्यापल्याडची गावं माह्याकडे राहू द्या. आमचं तसं ठरलं आहे."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मान हलवताना मला किती त्रास झाला ते माझं मला माहीत.

संध्याकाळी घरी जेवायला बसलो. बायको सुभद्रा, तीही साखरखेर्ड्याकडचीच, मळेकऱ्याची मुलगी. तिला मी सगळं सांगितलं. नथ्थूला दोन-तीन शिव्याही दिल्या. ती भाकरी वाढत ऐकत होती.

"चढावर ट्रेलर मागं नाही गेला?" तिनं विचारलं.

"जाऊ देतो काय? चाकांमागं दगड लावले ना."

"केवढे?"

मी दोन्ही हातांनी दाखवलं. "एक तर एवढा. पोटाशी धरून आणला."

तिनं भाकरीवर ठेचा घातला. मग म्हणाली, "मग तोच उचलून जीपात ठेवला असता तर?"

माझा घास हातातच राहिला. आजही तो घास मला आठवतो. ज्वारीची भाकरी, ठेचा आणि वरून तेल.

मी माणूस बसलेला पाहिला, म्हणून मला माणूसच सुचला. नाला भरून दगड होते. मी स्वतः ते वाहिले होते. आणि त्या दगडांच्या मधोमध उभं राहून मी अर्धा हंगाम देऊन एक पहिलवान विकत घेतला.

सकाळी शब्बीर आला तेव्हा त्याला विचारलं, "काय बे, तिथं दगड होते ना?"

"हो ना सेठ. लय होते."

"ते जीपमंदी टाकले असते तं चाललं असतं काय?"

"हाव. चार-पाच टाकले असते का मस्त चढली असती."

"मंग बोलला काऊन नाही?"

"बोलून राह्यलो होतो सेठ. तुम्ही म्हणाले, गप बे, मोठे माणसं बोलून राह्यले." त्यानं जीपची काच पुसायला घेतली. "अन् तुम्ही सौद्यात होते. सौद्यात कोनं मधात बोललं का तुम्ही मारायले धावता."

मी त्याला मारायला धावलो नाही. तो खरं बोलत होता म्हणून नाही, तो लांब उभा होता म्हणून.

हंगाम झाला. ट्रेलर चांगला चालला. गोविंदाकाकांचं गाव नाल्यापल्याड असल्यानं ते पुन्हा माझ्या वाट्याला आले नाहीत. पण इकडच्या प्रत्येक गावात मी भरताना स्वतः उभा राहू लागलो आणि पुढच्या बाजूला जास्त कापूस खुंदवून घेऊ लागलो. अंदाज असा धरायचा की एकूण भाराचा दहावा हिस्सा हूकावर यावा. कमी असेल तर ट्रेलर शेपूट हलवतो आणि चढावर बसतो. फार जास्त असेल तर ओढणाऱ्या गाडीचं तोंड हलकं होतं आणि स्टिअरिंग ऐकत नाही. हूक आणि रिंग एका उंचीवर हवेत. पिनेला क्लिप हवी आणि ती घरी नव्हे, पिनेला हवी. बंपरला काहीही बांधू नये.

त्याच आठवड्यात मी आणि शब्बीर त्या नाल्यात परत गेलो आणि तेच दगड उचलून आणले. पुढं ट्रेलर विकला तोपर्यंत ते जीपच्या मागच्या भागात कायम असायचे. जीप गेली तेव्हा मी ते अंगणात उतरवून घेतले. मोठ्या दगडावर सुभद्रा कपडे धुते.

नथ्थू अजून कधीकधी चहाला येतो. आता थकला आहे, पण वजन आहे. मी त्याला एकदा सरळ विचारलं, "नथ्थू, तुले तेव्हा दगडाचं सुचलं होतं काय?"

"आधीच सुचलं होतं," तो म्हणाला. "तू पोटाशी धरून आणला तवाच. मी म्हटलं, आता हा जीपमंदी टाकते. अन् तू चाकाखाली टाकला. मंग मले वाटलं, राहू द्यावं."

"माणुसकी म्हणून सांगायले नको काय?"

"कंबर जप म्हणालो होतो ना."

मी खाट पुढं केली तरी तो खाटेवर बसत नाही. सरळ अंगणात जातो आणि त्या मोठ्या दगडावर बसून चहा पितो. सुभद्रा त्याला शेंगा देते. ती हे का करते ते मी विचारलेलं नाही.

ट्रेलर ओढणाऱ्या नव्या पोरांना मी एवढंच सांगतो. हूकावर वजन हवंच. पण ते माणसाचं असलं पाहिजे, असा काही नियम नाही.